डाव्या कुशीवरचा डाग

"ही माझी मांजर नाही," हेडबाई म्हणाल्या आणि वेताची टोपली त्यांनी माझ्या उघड्या रजिस्टरवरच ठेवली.

मी प्राण्यांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलाशी बसते. एकोणीस वर्षं झाली. नाव लिहून घ्यायचं, नंबर द्यायचा, कुत्र्याला मांजरापासून आणि मालकाला दुसऱ्या मालकापासून लांब बसवायचं, हे माझं काम. जनावरांचा मला कधीच त्रास झाला नाही. ती येतात, भितात, फार तर चावतात आणि बरी होऊन जातात. त्रास असतो तो त्यांना घेऊन येणाऱ्यांचा. एक गृहस्थ एकदा पोपट घेऊन आले आणि तक्रार काय, तर तो हल्ली खोटं बोलतो.

हेडबाई म्हणजे आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण नाकावर माशी अजून बसू देत नाहीत. शाळेत विज्ञान शिकवायच्या. मी त्यांच्या हाताखालून गेले, आणि माझे वडील त्याच शाळेत गणित शिकवायचे. त्यामुळे बाई दारात दिसल्या की अठ्ठेचाळीस वर्षांची मी आपोआप उठून उभी राहते. त्या दिवशीही राहिले.

टोपलीत साय होती. साय म्हणजे त्यांची सयामी मांजर. अंग दुधावरच्या सायीच्या रंगाचं, तोंड, कान, पंजे आणि शेपूट मात्र चुलीतून ओढून काढल्यासारखी काळपट, आणि डोळे निळे. दोन महिन्यांपूर्वी, थंडी सुरू होता होता, आमच्या डॉक्टरांनी तिच्या डाव्या कुशीवरची एक गाठ काढली होती. त्यासाठी तळहाताएवढ्या जागेतले केस काढावे लागले. चार दिवस ती आमच्याकडे राहिली आणि घरी गेली. आता त्या जागी केस परत आले होते, पण सायीच्या रंगाचे नव्हे. गडद तपकिरी. डाव्या कुशीवर कुणी चहात बुडवलेला हात टेकवावा तसा डाग.

"साबणानं धुऊन पाहिलं," बाई म्हणाल्या. "दोनदा. डाग जात नाही. म्हणजे डाग खरा आणि बाकीचा रंग खोटा. माझी ठेवून घेतलीत आणि साधी मांजर रंगवून माझ्या गळ्यात मारलीत. ही माझ्या मांडीवर येत नाही. सदान्‌कदा कपाटाखाली बसलेली असते."

दोनदा साबणानं धुतल्यावर मीसुद्धा कपाटाखाली बसले असते. पण हे मनातच ठेवलं.

"आणि कोणी केलं तेही मला ठाऊक आहे." त्यांनी आतल्या दाराकडे बोट केलं.

आतल्या दारात गुपचूप उभा होता. त्याचं हे नाव मीच ठेवलेलं. आमच्याकडे जनावरांना धरायचं, पट्ट्या बदलायच्या, पिंजरे धुवायचे, रात्री ठेवलेल्यांना औषध पाजायचं, हे सगळं तो करतो, आणि ते इतकं आवाज न करता की कधी कधी वाटतं, पिंजरे आपले आपणच स्वच्छ होतात. वय चाळीस. अंगानं किरकोळ. हात मात्र मोठे, लांब बोटांचे, दुसऱ्या कुणाचे तरी आणून लावल्यासारखे.

ते हात कुणाचे होते ते अख्ख्या गावाला माहीत होतं. त्याचा बाप शाळेत शिपाई होता. शाळेत पाण्याच्या टाकीला ओळीनं पितळी नळ होते, बारा. बापानं ते एकेक करून काढून विकले आणि त्या जागी प्लास्टिकचे लावले. बारावा नळ जाईपर्यंत कुणाच्या लक्षातही आलं नाही. वर्ग भरलेले असताना तो ते काढायचा आणि खट्ट असा आवाज व्हायचा नाही. बाई तेव्हा नुकत्याच मुख्याध्यापिका झाल्या होत्या. त्यांनी त्याला शाळेतून आणि पुढे गावातूनही घालवला. मुलगा तेव्हा सहावीत होता.

"खाण तशी माती," बाई म्हणाल्या.

मला तोंड वर करून काही म्हणायची सोय नव्हती. अकरा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्याला कामावर घेतला तेव्हा मीच म्हटलं होतं, "नळवाल्याचा मुलगा आहे, दवाखान्यातले नळ मोजून ठेवा हो." उचलली जीभ लावली टाळ्याला. हसून मागे वळले तर तो दारामागे फडकं पिळत उभा. ऐकलं असणारच. पण नंतर कधी त्याच्या वागण्यात ते दिसलं नाही.

आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आल्या. आमच्या डॉक्टर कामाच्या बाबतीत फार सावकाश आणि बोलण्याच्या बाबतीत त्याहून सावकाश. त्यांनी सायीला टेबलावर घेतलं, डागावरचे केस फुंकर मारून उलटे केले, खालची शिवणीची रेघ पाहिली आणि हसल्या.

"बाई, तुमचीच आहे. आणि हा डाग पडला म्हणूनच ती खरी सयामी आहे."

"म्हणजे?"

"रंग तयार करणारं एक द्रव्य प्रत्येकाच्या अंगात असतं. ते कसं बनवायचं हे जनुकात लिहिलेलं असतं. हिच्या जनुकात थोडा फरक आहे. त्यामुळे हिचं द्रव्य ऊब सहन करत नाही. अंग जिथे गरम असतं तिथे ते कामच करत नाही, केस फिके येतात. कानाची टोकं, नाक, पंजे, शेपूट, ही अंगापेक्षा थंड असतात. तिथे ते काम करतं, तिथे केस काळे. सयामीची पिल्लं जन्मतात तेव्हा पांढरीशुभ्र असतात, माहितेय? आईच्या पोटात सगळीकडे सारखीच ऊब. बाहेर आल्यावर वारा लागतो, मग एकेक टोक रंगायला लागतं. आम्ही हिची कूस उघडी केली, थंडीचे दिवस होते, तिथली कातडी गार पडली. नवे केस काळे आले."

एकोणीस वर्षं मी त्या टेबलाशी बसतेय, शेकडो मांजरांची नावं लिहिली, आणि हे मला ठाऊक नव्हतं. मी त्या जनावराकडे बघतच राहिले. थंडी कुठे पोचली आणि कुठे नाही, याचा नकाशाच ते अंगावर घेऊन हिंडत होतं.

बाईंना मात्र नवलबिवल वाटलं नाही. "आनुवंशिकता मी तीस वर्षं शिकवली आहे. रंग जनुकात असतो. वाटाण्याला स्वेटर घातला म्हणून हिरव्याचा पिवळा होत नाही."

"वाटाण्याचं जनुक ऊबथंडी विचारत नाही. हिचं विचारतं. साध्या मांजरीला तुम्ही बर्फात बसवलंत तरी तिचा रंग बदलणार नाही. नुसत्या थंडीनं काही होत नाही आणि नुसत्या जनुकानंही नाही. दोन्ही लागतात."

"सोयीचं शास्त्र आहे."

"म्हणून तर घरी नेताना जॅकेट दिलं होतं ना," डॉक्टर म्हणाल्या. "महिना दीड महिना घालून ठेवायला."

"कुठलं जॅकेट?"

इथे मला सांगितलं पाहिजे. नाही सांगितलं तर पुढे लिहिण्यात अर्थ नाही.

जॅकेट माझ्या टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये होतं. जुन्या फ्लॅनेलच्या शर्टाचं, चार पायांना चार भोकं, पोटाखाली नाड्या. गुपचूपनं बसून हातानं शिवलं होतं आणि मला आणून दिलं होतं, "ताई, बाई आल्या की द्या, आणि सांगा, काढू नका म्हणून." सूचना सांगायचं काम माझंच असतं. पण बाई सायीला न्यायला आल्या त्या दिवशी मी लिहिलेली पावती त्यांनी हातात धरली आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "सरांची मुलगी आणि अक्षर हे असं?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घ्या तुमची मांजर आणि व्हा चालत्या, असं मनाशी म्हणत मी टोपली त्यांच्या हातात दिली. जॅकेट ड्रॉवरमध्येच राहिलं. मग वाटलं, संध्याकाळी फोन करू. संध्याकाळी वाटलं, मांजरीला कसले कपड्यांचे चोचले. आणि मग विसरूनच गेले.

डॉक्टरांनी आधी माझ्याकडे आणि मग त्याच्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलणार होते, निदान असं मी स्वतःला इतके दिवस सांगत आले आहे. तेवढ्यात तो म्हणाला, "माझ्याकडून द्यायचं राहिलं."

आणि मी मूग गिळून बसले.

"राहिलं की विकलं?" बाई म्हणाल्या. "नळ विकतात तिथे जॅकेटाचं काय."

पुढचं सगळं दहा मिनिटांत ठरलं. बाई पोलिसांत जाणार होत्या. डॉक्टरांनी एक उपाय सुचवला: डाग आहे तेवढेच केस पुन्हा काढायचे, या वेळी ती जागा उबेत ठेवायची आणि आठ आठवडे वाट पाहायची. सायीच्या रंगाचे केस आले तर मांजर रंगवलेली नाही हे उघडच होईल. बाई आयुष्यभर प्रयोगवही तपासलेल्या. त्यांनी लगेच चूक काढली.

"तुलना कुठे आहे? तुलना नसेल तर तो प्रयोग नव्हे, करामत. उजव्या कुशीवर रुपयाएवढी जागा मोकळी करा. ती उघडी राहू दे. एक झाकलेली, एक उघडी. मांजर एकच. मग बघू."

डॉक्टर त्यांच्याकडे कौतुकानं पाहत राहिल्या. खरं सांगायचं तर मीही. राग मावत नव्हता, पण अक्कल जागेवर होती.

मांजर बाईंच्याच घरी राहणार. पण साय बाईंना जॅकेट घालू देईना, बोचकारून दोन ओरखडे काढलेही तिथल्या तिथे. ते काम एकट्या गुपचूपचं. तेव्हा तो एक दिवसाआड त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्यासमोर, जॅकेट बदलणार. आणि साक्षीदार म्हणून वहीत सही करायला सोबत मी.

"सरांची मुलगी आहे ती," बाई म्हणाल्या. "अक्षर कसंही असो, त्या घरात खोटं चालत नाही."

सगळे पांगल्यावर आतून डॉक्टरांचा आवाज ऐकू आला. "अकरा वर्षांत पहिल्यांदा. कसं विसरलास?" तो काही बोलला नाही. "चोरीचं मी बघते. पण निष्काळजीपणा कसा झाकू? त्यांनी धरून ठेवलं तर मला तुला कामावर ठेवता येणार नाही." थोड्या वेळानं तो बाहेर आला आणि माझ्या टेबलाशी वाकून, अगदी हळू, म्हणाला, "ताई, ड्रॉवरमधलं घेऊ का? नवीन शिवायला दोन दिवस जातील."

मी ड्रॉवर उघडून दिला. त्याच्याकडे बघायची हिंमत झाली नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ना, ती माझ्या टेबलाशी चालली होती आणि चोर ड्रॉवरला कुलूप लावत होता.

बाईंचं घर दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, पुस्तकांची तीन कपाटं, आणि बारा महिने उघड्या खिडक्या. बंद खिडकीत बुद्धी गंजते असं त्या म्हणायच्या. शाळेतही तेच. त्या घरात शिरलं की माझे गुडघे बोलायला लागायचे. मी शाल घेऊन खुर्चीत, बाई समोरच्या खुर्चीत घड्याळ बघत, आणि गुपचूप जमिनीवर.

त्याला काम करताना मी अकरा वर्षं पाहत होते असं मला वाटायचं. त्या खोलीत कळलं की मी नुसती तिथे होते. पाहिलं पहिल्यांदाच. तो कपाटाजवळ जाऊन बसायचा, कपाटाकडे पाठ करून. सायीला हाक नाही, चुचकारणं नाही. हात जमिनीवर उपडा ठेवायचा आणि खिडकीबाहेर बघत राहायचा, जणू इथे मांजर आहे हे त्याला माहीतच नाही. दहा मिनिटं, कधी पंधरा. मग ते निळ्या डोळ्यांचं तोंड बाहेर यायचं, हात हुंगायचं. तरी तो हलायचा नाही. ती होऊन मांडीवर चढली की मग त्याची बोटं कामाला लागायची. नाडी सुटली कधी, पाय भोकातून निघाले कधी, जागा पुसून नवं जॅकेट चढलं कधी, समजायचं नाही. मांजर डोळे मिटून बसलेली. जगात काही माणसांना गाता येतं, काहींना गणित येतं. याला भिणाऱ्या जिवाजवळ बसता येत होतं. त्याचा मला हेवा वाटला आणि अभिमानही वाटला, आणि माझी जागा आठवून लाजही वाटली. सगळं एकदमच.

पहिले दोन आठवडे बाई फक्त बघत होत्या. तिसऱ्या आठवड्यात म्हणाल्या, "जमिनीवर का बसतोस? खुर्ची आहे."

"खुर्चीवर बसलो तर तिला मी उंच दिसतो, बाई."

त्यावर त्यांनी थोडा विचार केला. पुढच्या खेपेला आम्ही गेलो तर बाई स्वतःच जमिनीवर, सतरंजीवर बसलेल्या. सत्तरीची बाई, पाठ ताठ. साय कपाटाखालून त्यांच्याकडे बघत होती, पण लांबूनच.

"साबणाचं विसरायला वेळ लागेल तिला," तो म्हणाला. बाई चक्क ओशाळल्या.

एकदा, पाचव्या आठवड्यात असेल, बाईंनी विचारलं, "सहावीत होतास ना तू? विज्ञान चांगलं होतं तुझं. बियाण्याचा प्रयोग तूच नीट केला होतास. ओल्या कापडावर."

"हो बाई."

"मग शाळा का सोडलीस? तुला काही मी काढलं नव्हतं."

तो नाडीची गाठ मारत होता. ती मारून झाल्यावर म्हणाला, "मी पाणी प्यायला जायचो तेव्हा तुम्ही मॉनिटर बरोबर पाठवायचात."

उघड्या खिडकीतून रस्त्यावरचा हॉर्न ऐकू आला. "नळ नवे बसवले होते," बाई म्हणाल्या, आणि ते त्यांचं त्यांनाच किती तोकडं वाटलं ते मला त्यांच्या तोंडावर दिसलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. विचारलं म्हणून सांगितलं, एवढंच. मी वहीत सही केली आणि माझी सही मलाच वाचवेना.

जिना उतरताना मी दर वेळी ठरवायची, आज डॉक्टरांना सांगायचं. दवाखान्याच्या दारापर्यंत ठरलेलं असायचं. मग कुणीतरी खोकणारा कुत्रा घेऊन यायचा, फोन वाजायचा आणि माझी सुटका व्हायची. भित्र्याला सबबी पुष्कळ सुचतात. मला वाटलं होतं की खरं बोलणं हे आमच्या घरात रक्तातूनच येतं. वडील एका मार्कासाठी रात्र रात्र पेपर पुन्हा तपासायचे. मला ते कधी शिकावं लागलं नव्हतं, कारण खोटं बोलायची वेळच कधी आली नव्हती. वारा लागला आणि कळलं.

सातव्या आठवड्यात बाई त्याच्या हातांकडे टक लावून पाहत होत्या. एकदम म्हणाल्या, "तुझ्या बापाचेच हात आहेत."

मी खुर्चीत ताठ झाले. पुरे झालं आता, म्हणायला तोंड उघडलं. पण बाईंचा आवाज नेहमीचा नव्हता. एखाद्या हुशार मुलाच्या वहीवर शेरा लिहितानाचा होता.

"हो बाई," तो म्हणाला. "तेवढंच दिलं त्यांनी मला. आवाज न करणारे हात."

"त्याला कुणी असं काम दिलं असतं तर," बाई म्हणाल्या आणि पुढे बोलल्या नाहीत. मला मात्र त्या बारा नळांचं पहिल्यांदाच आश्चर्य वाटलं. भरल्या शाळेत, आवाज न होऊ देता, बारा.

आठव्या आठवड्याच्या शेवटी डॉक्टर आल्या. बाईंनी टेबलावर पांढरी चादर घातली होती, खिडकीजवळ, उजेडात. शाळेतलं जुनं भिंगही काढून ठेवलं होतं. गुपचूपनं सायीला आणून ठेवलं, नाड्या सोडल्या आणि जॅकेट काढलं.

डाव्या कुशीवर, जिथे तपकिरी डाग होता तिथे, केस अजून पुरते वाढले नव्हते, पण रंग स्वच्छ दिसत होता. फिका, मऊ, सायीचा. बाईंनी मांजर हलक्या हातानं वळवली. उजव्या कुशीवर रुपयाएवढा गडद तपकिरी ठिपका.

बाईंनी भिंगातून डावी बाजू पाहिली. मग उजवी. मग पुन्हा डावी. भिंग खाली ठेवलं तेव्हा त्यांचे डोळे एखाद्या लहान मुलीसारखे झाले होते. "एकाच अंगावर," त्या म्हणाल्या. "एकच जनुक, एकच थंडी, आणि मध्ये एक फ्लॅनेलचा तुकडा. तीस वर्षं मी अर्धाच धडा शिकवला."

"मांजरीचा धडा आहे बाई," डॉक्टर म्हणाल्या. "माणसाचं इतकं सोपं नसतं."

"ते मला कळतं," बाई म्हणाल्या. मग त्या त्याच्याकडे वळल्या आणि उभ्या राहिल्या. "चोरी तू केली नाहीस. मी आळ घेतला. चुकले."

हे त्या बाईंच्या तोंडून. मला वाटलं, झालं, सुटलो. पण बाई म्हणजे बाई. बेरीज चुकली असेल तर ती दुरुस्त करायची, आणि तिच्याखालची वजाबाकी चुकली असेल तर तीही सोडायची नाही.

"पण जॅकेट तू दिलं नाहीस. ते दिलं असतंस तर यातलं काही घडलं नसतं. हिला दोनदा भादरावं लागलं, मी हिला साबणानं धुतलं. इतकं चांगलं काम करतोस आणि इतका निष्काळजीपणा? मुक्या जिवांच्या बाबतीत तो चालत नाही. डॉक्टर, तक्रार मी मागे घेणार नाही. असा माणूस तुम्ही ठेवू नये."

डॉक्टर खाली बघत होत्या. त्या काय म्हणणार हे मला आठ आठवड्यांपासून ठाऊक होतं.

"हो बाई," गुपचूप म्हणाला. "माझंच चुकलं."

"त्यानं जॅकेट शिवून मला दिलं होतं," मी म्हटलं. "सांगायचं काम माझं होतं. तुम्ही माझ्या अक्षराला नाव ठेवलंत, मला राग आला आणि मी ते ड्रॉवरमध्ये टाकलं. त्या दिवशी त्यानं स्वतःवर घेतलं आणि मी घेऊ दिलं. इतके दिवस इथे येऊन मी सही करतेय, ती खोटी आहे."

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिल्या. "ताई," एवढंच म्हणाल्या.

"तू?" बाई म्हणाल्या. "सरांची..." आणि थांबल्या. खुर्ची मागे होती, ती चाचपून त्या बसल्या. साय टेबलावर बसून आपली डावी कूस चाटत होती.

"तक्रार संपली," बाई शेवटी म्हणाल्या. मग त्याच्याकडे पाहून, "पण तू का गप्प बसलास? नोकरी गेली असती तुझी. हिनं काय केलं होतं तुझ्यासाठी?"

त्यानं आठवून पाहिलं. खरंच आठवून पाहिलं, आणि त्याला काही आठवलं नाही.

"माझ्यावर आळ आला तर कुणाला नवल वाटत नाही, बाई," तो म्हणाला. "ताईंना सवय नाही."

बाईंनी चष्मा काढला. मी उठले ते कशासाठी ते मला कळलं नाही. त्याच्याजवळ गेले आणि ते दोन्ही मोठे हात धरून रडायलाच लागले, मोठ्यानं, लाज सोडून. मला माफ कर, असं काहीतरी म्हणत होते, पण शब्द नीट निघत नव्हते.

त्यानं हात सोडवून घेतले नाहीत. फक्त टेबलाकडे पाहिलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला, "हळू, ताई. ती घाबरते."